एक डिटेक्टर बंद

लोक मला विचारतात, "एवढी वर्षं आगीच्या अलार्मचं काम केलंत, आगी किती बघितल्या?" मी सांगतो, एक. तीसुद्धा विझल्यावर. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. आमच्या कामात ज्वाळा दिसल्या तर काम फसलं असं समजायचं. धूर कुणाच्या नाकात जायच्या आधी घंटा वाजली पाहिजे, एवढ्यासाठी आम्ही जन्मभर शिडीवर चढतो.

आता चढत नाही. दोन वर्षांपूर्वी सोडलं. गुडघे गेले होतेच, पण खरं सांगायचं तर कंटाळलो होतो. तरी कुठल्याही इमारतीत शिरलो की मान आपोआप वर जाते. मागच्या महिन्यात एका लग्नात पंगतीला बसलो होतो, तर बायको म्हणाली, "आवं, ताटात बघा की. वर काय जेवाय वाढलंय?"

मी कुंडलचा, नाव संभाजी. सैन्यात सिग्नलमध्ये होतो, हवालदार होऊन बाहेर पडलो. घरचा ऊस धाकट्या भावानं नीट सांभाळला होता, त्यात आणखी एक हात घालून काय करायचं? कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीला माणूस हवा होता. मालकांनी माझे कागद बघितले आणि म्हणाले, "बिनतारी कळतं ना तुम्हाला? मग बाकीचं शिकाल."

शिकण्यासारखं फार नव्हतं. तारेचा अलार्म बसवायचा तर भिंती फोडाव्या लागतात, खोलीखोलीत पाइप न्यावा लागतो. चालू दवाखान्यात, भरलेल्या शाळेत ते कोण करू देणार? बिनतारी यंत्रणेत छताला पालथ्या वाटीएवढा डिटेक्टर स्क्रूनं बसवला की झालं. त्याच्या पोटात बॅटरी आणि एक छोटा रेडिओ. तळमजल्यावर भिंतीला एक पेटी असते, तिला आम्ही पॅनेल म्हणतो. डिटेक्टर ठरावीक वेळानं पॅनेलला कळवत राहतो की मी जागेवर आहे. धूर आला की कळवतो, इथं धूर आहे. मग पॅनेलवर त्याचा नंबर उमटतो आणि इमारतीतले सगळे हूटर एकदम ओरडायला लागतात.

धूर ओळखायची त्याची रीतही साधी. आत एक अंधारी डबी, तिच्यात उजेडाची बारीक तिरीप. धूर शिरला की तिरीप विखुरते. अडचण अशी की धूळ शिरली तरी ती विखुरते आणि वाफ शिरली तरी विखुरते. आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं ह्या डबीवरून झालेली आहेत.

सांगलीत हळदीच्या एका गोदामात आम्ही वीस डिटेक्टर लावले. हळदीची पोती हलवली की सगळीकडं पिवळा भुगा उडतो. दर चार दिवसांनी हूटर वाजायचा आणि मी कुपवाडहून गाडी काढायचो. एकदा गेलो तर प्रत्येक डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी घालून सुतळीनं आवळून टाकलेली. हमालांचा मुकादम कमरेवर हात ठेवून उभा होता. मला म्हणाला, "एवढं शिकलेलं यंत्र, आन् ह्याला धूळ कुठली न् धूर कुठला कळंना व्हय?" मी पिशव्या सोडल्या, डिटेक्टर साफ केले, बोटं दोन दिवस पिवळी राहिली. पुढच्या खेपेला पिशव्या पुन्हा होत्या. ह्या वेळी सुतळीच्या जागी चिकटपट्टी होती.

साताऱ्याला एका जुन्या दगडी कचेरीत वेगळाच प्रकार. भिंती इतक्या जाड की मागच्या खोल्यांचा संदेश पुढं येईना. मधल्या बोळात एक जोडपेटी बसवली, मागचा संदेश पकडून पुढं ढकलणारी. आठ दिवस सुरळीत, मग फोन, मागचे सगळे डिटेक्टर पॅनेलवरून गायब. कुपवाडहून सातारा म्हणजे अर्धा दिवस. जाऊन बघतो तर तिथल्या हेडक्लार्क भाऊसाहेबांनी त्या पेटीसमोर नवं लोखंडी कपाट उभं केलेलं. मी म्हणालो, "भाऊसाहेब, ह्यानं लाटा अडतात." ते शांतपणे म्हणाले, "पेटी दिसायला बरी दिसत नव्हती. वाजत तर काही नव्हती."

असले किस्से मी पंगतीत सांगतो, लोक हसतात. हसण्यासारखं नाही ते फारसं सांगत नाही. ते इथं लिहितो.

इस्लामपूरला एक तीन मजली खासगी दवाखाना होता. नाव लिहीत नाही. डॉक्टरबाई भल्या होत्या, स्वतःहून बोलावून यंत्रणा बसवून घेतली. काम संपल्यावर आम्ही सगळ्या नोकरमाणसांना जमवून माहिती दिली. अशा वेळी काय होतं ते मला पाठ आहे. माणसं उभी राहतात, मोबाइल बघतात, सही करतात आणि जातात. त्या दिवशी सगळे गेल्यावर एक बाई मागं राहिली. पन्नाशीची, काटक, हातात फडकं. दवाखान्यात सगळे तिला हिरामावशी म्हणत. ती आटपाडीकडची. माहेरी-सासरी दोन्हीकडं मेंढरं. नवरा वारल्यावर इकडं झाडलोटीच्या कामाला आलेली.

ती म्हणाली, "दादा, ह्ये कसं चालतंय ते तुमी सांगितलासा. पर वाजल्यावर आमी काय करायचं, ते न्हाई सांगितलं."

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी तिला जिन्यापाशी नेलं. छताकडं बोट दाखवून म्हणालो, "मावशी, हा तांबडा दिवा बघा. एरवी मधूनमधून लुकलुकतो. वाजलं की वर बघत चालायचं. ज्याचा दिवा न लुकलुकता जळत राहिलाय, धूर तिथं आहे. मग आधी माणसं बाहेर, बाकी सगळं नंतर."

"आदी माणसं," ती म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. आकडे मात्र ओळखायची.

त्यानंतर मी तिमाहीला तपासणीला गेलो की ती हटकून भेटायची. लांब दांड्याच्या टोकाला एक कप असतो, त्यात खोट्या धुराचा डबा बसवून आम्ही एकेक डिटेक्टर तपासतो. ती मागून चालायची आणि दिवा लागला की म्हणायची, "लागला." मला ते आवडायचं. आपल्या कामावर लक्ष ठेवणारं कुणीतरी आहे असं वाटायचं.

गडबड सतरा नंबरनं केली. पहिल्या मजल्यावर धुतलेल्या चादरी, गाद्यांचे अभ्रे ठेवायची खोली होती, तिथं तो बसवलेला. शेजारच्या खोलीत ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र होतं. रोज सकाळी दहाला त्याचं दार उघडलं की वाफ वरच्या झरोक्यातून कपड्यांच्या खोलीत यायची आणि सतरा नंबर बोंब मारायचा. रोजच. आधी माणसं धावली, मग चालत गेली, मग जागची हलेनात. रिसेप्शनवरची मुलगी न बघताच हूटर गप्प करायचं बटण दाबायला शिकली.

मोहिते म्हणून मॅनेजर होते. त्यांनी मला बोलावून घेतलं. "संभाजीराव, पेशंट सलाइनसकट बाहेर येत्यात. तेवढा एक बंद करा."

मी म्हणालो, "बंद नको. तिथं धुरावरचा काढून उष्णतेवरचा लावू. वाफेनं तो फसत नाही. मागवावा लागेल."

"मागवा की. पर तवर?"

ह्या 'तवर'वर मी फसलो. पॅनेलवर सांकेतिक आकडा घालून सतरा नंबर बंद केला. पॅनेलचा पिवळा दिवा लागला, पट्टीवर अक्षरं आली, 'एक डिटेक्टर बंद'. दवाखान्याच्या वहीत नोंद केली. एका कागदावर मोठ्या अक्षरात 'सतरा नंबर तात्पुरता बंद' असं लिहून तो पॅनेलशेजारी चिकटवला. चूक असती तर एवढी उघडपणे केली नसती, असं मला तेव्हा वाटलं.

नवा डिटेक्टर दहा दिवसांत आला. खोक्यासकट माझ्या गाडीच्या डिकीत टाकला. आणि तो तिथंच राहिला. साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर होता, एका कारखान्याची सगळी यंत्रणा तपासून द्यायची होती. मधे बायकोचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. ही कारणं खरी आहेत. पण ह्याच दिवसांत मी साताऱ्याला दोनदा जाऊन आलो, पेठ नाक्यावर थांबून चहा प्यायलो आणि इस्लामपूरच्या रस्त्याकडं बघून म्हणालो, येताना. येताना उशीर झालेला असायचा. पंधरा मिनिटांचं काम होतं. पाच आठवडे गेले.

एका दुपारी दोनच्या सुमाराला त्या कपड्यांच्या खोलीत जुन्या एक्स्टेन्शन बोर्डवर ठिणगी पडली. इस्त्रीसाठी तो बोर्ड ठेवलेला होता. चादरींच्या गठ्ठ्यानं पेट घेतला. सतरा नंबर थेट वर होता. चालू असता तर पहिल्या धुराला बोलला असता. तो गप्प राहिला. खोली धुरानं भरली, मग दाराच्या फटीतून धूर बाहेरच्या बोळात आला, तेव्हा बोळातला अठरा नंबर वाजला.

खाली रिसेप्शनवरच्या मुलीनं जुन्या सवयीनं बटण दाबलं. हूटर गप्प झाला. हिरामावशी तिथंच फरशी पुसत होती. पुढचं मला त्या मुलीनंच सांगितलं, रडत रडत. मावशी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "पोरी, घड्याळ बघ. दहाला वाजायचं ते. आता दोन वाजल्यात. वाफ कुठली आणलीस?"

मुलगी म्हणाली, "मावशी, जाऊ दे ओ, पुन्हा वाफच असेल."

मावशी जिना चढून गेली होती. वर बघत चालली. अठरा नंबरचा दिवा न लुकलुकता जळत होता आणि त्याच्या खाली, कपड्यांच्या खोलीच्या दारातून, काळा धूर येत होता. बोळाच्या शेवटाला बायकांची खोली. तिथून जिन्याकडं यायचं तर ह्या दारावरूनच यायला लागायचं. तिनं तिथूनच खाली ओरडून सांगितलं आणि बायकांच्या खोलीत घुसली. सहा खाटा होत्या. चालत्या चौघींना तोंडाला ओला पदर लावायला सांगून तिनं भिंतीकडेनं काढलं. एका म्हातारीचा खुबा मोडलेला, ऑपरेशन कालच झालेलं. तिला चादरीसकट खाली उतरवून एका नातेवाइकाच्या मदतीनं ओढत जिन्यापर्यंत आणलं. तिथं तिच्या ध्यानात आलं की पाचच झाल्या. सहावी, दोन दिवसांची बाळंतीण, बाथरूममध्ये होती. बाळ खालच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होतं. मावशी परत गेली. तोवर कपड्यांच्या खोलीचं दार पेटलं होतं. त्या पोरीला पुढं घालून ती बाहेर आली खरी, पण जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर खाली बसली ती तिला उचलूनच न्यावं लागलं.

कुणी दगावलं नाही. आग अर्ध्या तासात विझली. मावशीच्या छातीत धूर भरला होता. तिला मिरजेला हलवलं.

मी चारला पोचलो. खोलीत उभा राहिलो तर बुटाखाली ओल्या राखेचा चिखल. सतरा नंबरचा वितळून एक काळा ओघळ झाला होता. खाली येऊन पॅनेल बघितलं. पिवळा दिवा अजून लागलेला. माझा कागद मात्र नव्हता. चार कोपऱ्यांचे चिकटपट्टीचे तुकडे तेवढे भिंतीला राहिले होते.

मोहिते मला औषधाच्या खोलीत घेऊन गेले. घामाघूम झाले होते. "वाफंनं खराब झाला हुता म्हणून लिवा. यंत्र हाय, बिघडतंय. जळलंय बी. कोण बघतंय?"

मी मालकांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "संभाजीराव, खोटं लिहा असं मी म्हणत नाही. पण सगळंच लिहायला पाहिजे असंही नाही."

खरी गोष्ट पॅनेलच्या पोटात होती. डिटेक्टर कधी बंद केला, दिवस आणि वेळ, सगळं त्याच्या आठवणीत राहतं. पण ते उघडायचा आकडा बाहेरच्या कुणाला ठाऊक नव्हता. अग्निशमन विभागाचे अधिकारी वहीची पानं चाळत होते. माझ्या नोंदीचं पान त्या वहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "त्या खोलीतला का नाही वाजला?"

मी म्हणालो, "तपासून सांगतो."

हे वाक्य बोलून मी कुंडलला घरी आलो. दोन दिवस काही सांगितलं नाही. सैन्यात असताना चुकीचा संदेश गेला तर त्याच क्षणी उलट कळवायचं, ही सवय अंगात मुरलेली. तरी दोन दिवस मी घरी बसून कारखान्याचे कागद लिहीत राहिलो. बायकोनं विचारलं, "त्या बाईचं कसं हाय?" मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी इस्लामपूरला जाऊन पॅनेल उघडलं, सगळी यादी छापून काढली आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली. खाली हातानं लिहिलं की डिटेक्टर मीच बंद केला होता, आणि बदली डिटेक्टर महिनाभर माझ्या गाडीत पडून होता. त्यांनी वाचलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "हे परवा सांगता आलं असतं."

"हो," मी म्हणालो.

फार मोठं काही झालं नाही. दवाखान्याला नोटीस आली, आमच्या कंपनीला ताकीद मिळाली, दवाखान्यानं आमचं काम दुसऱ्यांना दिलं. मोहिते तिथं अजून आहेत असं ऐकतो. मालक माझ्यावर एका शब्दानं रागावले नाहीत. फक्त त्यानंतर मला नवी कामं देणं बंद झालं. गावोगाव जाऊन डिटेक्टरच्या बॅटऱ्या बदलायच्या, एवढंच राहिलं. मी ते करत राहिलो. शिडी लावायची, वाटी फिरवून काढायची, जुनी बॅटरी खिशात, नवी आत. कुणी काही विचारायचं नाही, मीही काही सांगायचो नाही.

हिरामावशीकडं जायला मला आठ महिने लागले.

ती काम सोडून आटपाडीकडं भावाच्या घरी राहायला गेली होती. कंपनीची गाडी घेऊन जायला नको वाटलं, म्हणून रविवारी एसटीनं गेलो. फाट्यापासून घर पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर. माळावर दोन खोल्या, पुढं लोकरीचा वास, भाऊ मेंढरं घेऊन गेलेला. ती दारात बसली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"दादा! आवं, इकडं कुटं?"

तिचा आवाज बदलला होता. वाक्याच्या मधेच श्वास घ्यायला थांबत होती. मी पाणी प्यायलो. दुसरं काही बोलत बसलो तर सांगायचं राहून जाईल ह्याची भीती होती, म्हणून लगेच सांगितलं. सतरा नंबर मी बंद केला होता, बदली आणून ठेवलेला होता आणि तरी पाच आठवडे गेलो नाही, सगळं.

तिनं विचारलं, "म्हंजी त्यो वाजलाच न्हाई?"

"नाही मावशी. बोळातला वाजला तो उशिरा. आत केव्हाची आग लागली होती."

"वाजलाच न्हाई," ती पुन्हा म्हणाली. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता ती बोलेल, आणि काय बोलेल ते ऐकून घ्यायची तयारी मी करूनच आलो होतो. पण ती म्हणाली, "आवं, मला वाटलं मलाच ऐकू आलं न्हाई. मी कामाच्या नादात हुते, घंटा वाजत ऱ्हायली असंल आन् माझं ध्यान नसंल, म्हणून एवढा धूर झाला. आट म्हैनं मी ह्येच मनात घोळवती. ती बाळंतीण बाय मला भेटाय आल्ती, लेकरू घिऊन. माझ्या पाया पडली. मी तिला वर तोंड करून बघितलंबी न्हाई."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

तिनं डोळे पुसले. आता तिच्या आवाजात राग होता, आणि तो बघून मला बरं वाटलं. "दादा, तुमाला ठावं हुतं. मग आदी का न्हाई आलासा?"

ह्याचं उत्तर मी आजही शोधलेलं नाही. कारखान्याचा हंगाम, बायकोचे डोळे, ही कारणं ह्या प्रश्नाला लागू पडत नाहीत. "भ्यालो होतो मावशी," मी म्हणालो. ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं.

तिनं चहा ठेवला. मी नको म्हणालो नाही. निघताना मी म्हणालो तुम्ही बसा, पण ती उठलीच. "फाट्यापतूर येती." पाच-दहा मिनिटांच्या त्या वाटेवर ती चार वेळा थांबली. पहिल्या खेपेला मी दोन पावलं पुढं गेलो होतो, मागं वळून बघितलं तर ती गुडघ्यावर हात टेकून श्वास गोळा करत होती. मी परत तिच्यापाशी येऊन उभा राहिलो. मग ती थांबली की मी थांबायचो.

तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा लांबून एसटी येताना दिसली. ती म्हणाली, "जावा दादा, पळा. पुडची दोन तासानं हाय."

मी म्हणालो, "जाऊ दे ती."